समोरच्या काठावरचं छप्पर

आमच्या घराच्या वर कपडे वाळत घालायला लाकडी मचाण होतं. तिथून खाली उनोचं बंदर दिसायचं, आणि हवा स्वच्छ असली की पाण्यापलीकडे सानुकीचे डोंगर. डोंगर कसले, भाताचे मुटके ओळीनं मांडून ठेवावेत तशा टेकड्या. थोरल्या जाऊबाई कपडे घेऊन वर गेल्या की लवकर खाली यायच्या नाहीत. मग सासूबाई जिन्याखालून ओरडायच्या, "हिसानो, कपडे वाळत घालतेयस की स्वतःच वाळत बसलीयस?"

"आले, आले," असं म्हणून जाऊबाई खाली यायच्या. चेहऱ्यावर काही नसायचं. टोपली जागेवर ठेवून मुळा किसायला घ्यायच्या.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, बाईला बोटी बघायचा नाद असेल. पुढं कळलं, त्या बोटींच्या पलीकडे बघत. त्या टेकड्यांमागं त्यांचं गाव होतं. बोटीनं तासाभराचा रस्ता, पुढं थोडी बस. पण आमच्या घरात आल्यापासून त्या एकदाही तिकडं गेल्या नव्हत्या.

मोठे भावोजी, कुमाझो, बिजवर. सरकती दारं आणि खिडक्यांच्या चौकटी बनवायचं आमचं घरचं काम, त्यात त्यांचा हात गावात नावाजलेला. जाऊबाईंचंही हे दुसरं लग्न. पहिल्या सासरहून त्या निघून आल्या होत्या. ही गोष्ट सासूबाईंनी कधी लपवली नाही. उलट जरा काही बिनसलं की पहिल्यांदा तीच बाहेर काढायच्या. "एकदा उंबरा ओलांडलेल्या पायांना सवय लागते," असं तांदूळ धुताधुता तांदळांना सांगायच्या. जाऊबाई ऐकून घ्यायच्या. मी तरुण होते, मला राग यायचा. जाऊबाई म्हणायच्या, "अगं, खोटं कुठं बोलतायत त्या?"

सगळी हकिकत मला एकदम कधी कळली नाही. भांडी घासताना, अंथरुणं उन्हात टाकताना, अशी तुकड्यातुकड्यानं ती माझ्यापर्यंत आली.

त्यांच्या गावाला नदी नव्हती. सानुकीत पाऊस मुळातच कमी, त्यामुळे सगळी शेती तळ्यावर. जाऊबाईंचे वडील त्या तळ्याचे पाटकरी. तळ्याच्या बांधातल्या मोरीजवळच्या खोपट्यात बसायचे, एकेका शेताला पाणी सोडायचे आणि उदबत्ती लावायचे. उदबत्ती जळून संपली की त्या शेताचं पाणी बंद, पुढच्याचं सुरू. दुष्काळात माणसं त्या उदबत्तीकडे डोळे लावून बसायची. कोणी जवळ जाऊन फुंकर घालू नये, कोणी आडोसा धरू नये, हे बघणारा माणूस सचोटीचा हवा. तसे ते होते.

जाऊबाईंचं पहिलं लग्न झालं ते तळ्याच्या समोरच्याच काठावर, ओनिशींच्या घरात. चांगलं घर, भाताची चांगली खाचरं. पडवीत बसलं की पाण्यापलीकडे माहेर दिसायचं. सकाळी आईच्या चुलीचा धूर, आईच्या डोक्याचा पांढरा रुमाल, बांधावरून कोळशिंद्याची रानभाजी खुडत जाणारी धाकटी बहीण नुई. सगळं दिसायचं, पण जायची सोय नव्हती. पाटकऱ्याची लेक माहेरी चहा पिऊन आली तरी दुसऱ्या दिवशी गावात कुजबुज, की ओनिशींची उदबत्ती जरा सावकाश जळली म्हणे. म्हणून सासऱ्यानं नियम घातला होता: पाणी वाहतंय तोवर माहेरी पाऊल टाकायचं नाही. पाणी बंद झालं की कापणी. कापणी झाली की मळणी.

"मला लांब दिलं असतं तर निभावलं असतं गं फुसा," त्या मला एकदा म्हणाल्या. "दिसलं नसतं ना. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं पाणी मध्ये. आणि हाक मारायची नाही."

दुसऱ्या वर्षी कापणीच्या दिवसांत एका दुपारी त्यांनी गाठोडं बांधलं आणि बांधावरून चालत माहेरी आल्या. भर दुपारी, सगळं गाव शेतात असताना. देवळाच्या बाजूचा बांध लांबचा, मोरीच्या बाजूचा जवळचा. त्या लांबच्या बांधावरून आल्या. का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

पुन्हा त्या घरात गेल्या नाहीत. मारझोड नव्हती, उपासमार नव्हती, सांगायला कारण नव्हतं. आणि कारण नसलं की बाप तरी काय बोलणार? ओनिशी येऊन बसले. पाटकऱ्यानं दिलेला शब्द मोडला, तर उद्या त्याच्या उदबत्तीवर कोण विश्वास ठेवणार? नवीन वर्षाच्या आत नुईला त्या घरात पाठवलं. बहिणीच्या जागी बहीण. नुईचे केस अजून शाळकरी मुलीसारखे कापलेले होते.

"निघताना तिनं आईला 'येते' म्हटलं, बापाला म्हटलं. मी चुलीपुढं बसले होते. मला म्हटलं नाही," जाऊबाई सांगायच्या. मग घासलेलं भांडं पुन्हा घासायच्या.

त्यानंतर त्यांना समुद्राअलीकडे मावशीकडे धाडलं. तिथून आमच्या घरी. आई गेली, बाप गेला, दोन्ही वेळेला कळवणारं कोणी नव्हतं. पुढं घर उतरवून वासे विकले, हेही परक्याकडून कळलं. नुईचा निरोप पंचवीसेक वर्षांत एकदाही आला नाही. जाऊबाईंनीही पाठवला नाही. पाठवून लिहिणार काय?

ठसे कोरायचा नाद त्यांना माझ्यामुळं लागला. माझ्या मुलाच्या शाळेत इनुई मास्तरांनी आयांसाठी लाकडावर चित्र कोरायचा वर्ग काढला होता. मला एकटीला जायचा संकोच, म्हणून मी जाऊबाईंना ओढून नेलं. मास्तर बारीक, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. ते म्हणायचे, "पूर्वी चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा, आणि विकून पैसे करणारा चौथा. आपल्याला तसं नको. आपणच काढायचं, आपणच कोरायचं, आपणच छापायचं. वाईट झालं तरी आपलं."

नवीन वर्षाच्या शुभेच्छांची पत्रं करायची, एवढाच बहुतेक बायकांचा बेत. बारा वर्षांच्या फेऱ्यात एकेक वर्ष एकेका प्राण्याचं, येणारं कुत्र्याचं होतं. जाऊबाईंनी फळीच्या तुकड्यावर झकास कुत्रं काढलं, वर शुभेच्छांची अक्षरं, आणि तसंच कोरून काढलं. छापलं तर सगळी अक्षरं उलटी.

सासूबाईंनी पत्र हातात धरून लांब केलं, जवळ केलं. "सोबत आरसाही पाठवणार का?"

भावोजी म्हणाले, "अक्षरांचं जाऊ दे. कुत्रंसुद्धा घरातून बाहेर पळतंय बघ."

सगळे हसले. जाऊबाई सगळ्यांत जास्त हसल्या. मास्तरांनी मग समजावलं, की चित्र पातळ कागदावर काढायचं आणि तो कागद फळीवर पालथा चिकटवून मग कोरायचं. फळी उलटी असते, तेव्हा कागद सरळ उमटतो. हे त्या पुन्हा कधी विसरल्या नाहीत.

पत्रं झाली, बाकीच्या बायका थांबल्या. जाऊबाई थांबल्या नाहीत. भावोजींनी त्यांना दाराच्या कामातून उरलेली कात्सुरा लाकडाची फळी दिली, गुळगुळीत, गाठ नसलेली. दोन जुन्या पटाशांना धार लावून दिली. स्वयंपाकघराच्या उजेडाच्या बाजूला बसून दुपारच्या वेळी त्या कोरायच्या. सासूबाई बोलायच्याच. "भाताची खळ कागदाला, बांबूचं पान घासणीला. उद्या जेवायला काय, लाकडाचा भुगा?" पण सासूबाईंनीच एकदा बांबूची पानं बाजारातून आणलेली मी पाहिली. त्यांनी ती काही न बोलता कट्ट्यावर टाकली.

चित्र तळ्याचं होतं. माहेरच्या ओट्यावरून दिसायचं तसं. डाव्या हाताला देऊळ आणि त्याचं पाण्यावर वाकलेलं पाइनचं झाड, उजव्या हाताला मोरी आणि वडलांचं खोपटं. मध्ये नुसतं पाणी. पलीकडच्या काठावर एक छप्पर. माणूस नाही, होडी नाही, पक्षी नाही. पाण्याला त्यांनी जवळजवळ हत्यारच लावलं नव्हतं. कडेला दोनचार रेघा, बाकी फळी होती तशी ठेवलेली. काळ्या शाईत भरपूर पाणी घालून तिथं ब्रश फिरवायच्या, ओलसर कागद ठेवायच्या आणि बांबूच्या पानात बांधलेल्या चपट्या घासणीनं घासत राहायच्या. कागद उचलला की पाणी उमटायचं. लाकडाच्या शिराच पाण्यावरच्या वळ्या झाल्या होत्या. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हाचं पाणी.

मास्तरांनी बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग मास्तरच ते, म्हणाले, "इथं एक बगळा टाकला असतात तर?"

"बगळा असायचा," जाऊबाई म्हणाल्या, "पण मला आठवतंय त्या वेळी नव्हता."

मास्तर म्हणाले, ठसे कोरणाऱ्यांच्या मंडळाचा संग्रह निघणार आहे, प्रत्येकानं आपल्या चित्राच्या प्रती सगळ्यांना द्यायच्या, ओकायामा शहरातल्या लोकांनाही जातील. हे तळं त्यात हवंच. जाऊबाई मान खाली घालून "हं" म्हणाल्या. घरी येताना रस्ताभर चपला टाकटाक वाजवत चालल्या. त्यांना इतकं खूश मी क्वचित पाहिलं होतं. तेव्हा त्यांनी सरावापुरते दोनच कागद छापले होते. बाकीचे थंडीत छापायचे ठरले. थंडीत खळ आंबत नाही.

त्याच शरदात ओकाने म्हातारी आली. ही समुद्रापलीकडून वाळवलेली बारकी मासळी विकायला यायची, आणि मासळीपेक्षा बातम्या जास्त असायच्या. टोपली टेकवत ती म्हणाली, "तुमच्या त्या पाटकऱ्याच्या तळ्याचा कारभार आटोपला हो. यंदा कापणीनंतर शेवटचं उपसणार, मासे धरणार, मग भर घालणार. शाळा बांधतायत. पोरं पाण्यावर बसून शिकणार आता."

जाऊबाईंच्या हातात मासळीचा मूठभर वाटा होता. तो त्यांनी परत टोपलीत टाकला, मग पुन्हा उचलला.

"उपसणार कधी?"

"ते काय, येत्या रविवारी. सगळं गाव उतरणार चिखलात. मी पण जाणार, फुकटचा मासा कोण सोडतो?"

त्या दिवशी जेवताना जाऊबाई म्हणाल्या, "मी रविवारी जाऊन येते म्हणते."

कुठं, ते कोणी विचारलं नाही. सासूबाईंनी जेवणाच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. "ज्या गावातून पायाला पाय लावून पळालीस तिथं तोंड दाखवायला? लोक काय ओवाळणार आहेत?"

"बहिणीला एकदा भेटते. तिनं हाकलून दिलं तर परत येईन."

"आणि हाकललं नाही तर?"

भावोजी सूप पीत होते. वाडगा खाली न ठेवता म्हणाले, "येताना मासे आण. उपसलेल्या तळ्याचा मासा, मुळा आणि सोयाबीनचं मिसो. लहानपणी एकदा खाल्लं होतं." मग वाडगा ठेवून, "फुसालाही घेऊन जा. एकटीला सगळ्यांचे मासे उचलणार नाहीत."

सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापुरते बारके आणा. मोठ्याला काटे फार."

तशी परवानगी मिळाली.

बोटीच्या गच्चीवर उभ्यानं उदोनच्या गरम शेवया खाण्याची पद्धत आहे. मी खाल्ल्या. जाऊबाईंनी वाडगा हातात धरून ठेवला, तो गार झाला, मग तोही मीच खाल्ला. टेकड्या जवळ येत होत्या. मचाणावरून निळ्या दिसायच्या, त्या हिरव्या झाल्या, मग त्यांच्यावर झाडं दिसायला लागली. जाऊबाईंच्या मांडीवर कापडात बांधलेलं चपटं गाठोडं होतं. त्यात तळ्याचं चित्र, नुईसाठी. कागदाला चुणी पडू नये म्हणून तो कोरलेल्या फळीवरच पसरून वर पुठ्ठा ठेवला होता.

"आधी काय म्हणायचं गं?" त्यांनी विचारलं.

"'कशी आहेस' म्हणा."

"तेवढा अधिकार आहे का मला?"

बांधावर पोचलो तेव्हा तळं नव्हतंच. जिथं चित्रात सगळ्यांत शांत जागा होती तिथं सबंध गाव ओरडत होतं. माणसं मांडीपर्यंत चिखलात, हातात बुड नसलेल्या बांबूच्या टोपल्या. टोपली चिखलात रोवायची, वरून हात घालून मासा चाचपायचा. पोरं चिखलानं काळी झालेली, एक म्हातारा पडला आणि पडल्यापडल्या त्यानं मासा धरला. देवळाचं पाइन अजून वाकलेलं होतं, पण खाली पाणी नसल्यानं ते उगीचच वाकल्यासारखं दिसत होतं. माहेरच्या घराच्या जागी वाटाणे लावले होते.

जाऊबाई बघत राहिल्या. मी म्हटलं, "चित्र काढलंत ते बरं झालं."

बांधावर मासे मोजून देणारा एक दात पडलेला म्हातारा त्यांच्याकडे निरखून बघत होता. "कुणाची गं तू? पाटकऱ्याची थोरली का?" आणि मग चिखलाकडे तोंड करून ओरडला, "अरे, ती बघा, तळं पोहून पळालेली आली! आता पाणी नाही म्हणून चालत आली!"

चिखलातून हशा उठला. पोहून! पंचवीस वर्षांत गावानं बांधावरून चाललेल्या बाईला पाण्यात उतरवलं होतं. मला वाटलं जाऊबाई माघारी फिरतील. त्यांनी म्हाताऱ्याला कमरेत वाकून नमस्कार केला. "काका, मासे ठेवा थोडे. जाताना नेते. बारके पण द्या."

"देतो की," म्हातारा जरा ओशाळून म्हणाला.

ओनिशींच्या पडवीत एक बाई सोयाबीनच्या शेंगा सोलत बसली होती. केस अर्धे पांढरे, हात भराभर चाललेले, मान खाली. घरातली सगळी माणसं मासे धरायला गेली होती. जाऊबाई अंगणात उभ्या राहिल्या. मी मागून ढोसलं.

"मी आहे," त्या म्हणाल्या.

"मी म्हणजे कोण?" बाईनं मान वर केली नाही. "मी, मी करत दिवसातून दहा जण येतात. मासे नकोत, आमची माणसं गेलीत."

"हिसानो."

शेंग सोलणारे हात थांबले. पुन्हा सुरू झाले. बऱ्याच शेंगा झाल्यावर नुई म्हणाली, "तळं आटायची वाट बघत होतीस होय, आक्का?"

जाऊबाई पडवीच्या कडेला टेकल्या, पाहुण्यासारख्या, पाय जमिनीवरच ठेवून. आतल्या देवघरात नुईच्या नवऱ्याची तसबीर होती. जाऊबाईंचाही तो कधी नवरा होता. "कधी गेले?" जाऊबाईंनी विचारलं. "तीन उन्हाळे झाले. चांगला माणूस होता. तुला ते कळायच्या आतच तू गेलीस." मग पुन्हा शेंगा. मला उठून जावंसं वाटत होतं, पण जाणार कुठं?

जाऊबाईंनी गाठोडं सोडलं. पुठ्ठा बाजूला केला, दोन्ही हातांनी कागद उचलून बहिणीपुढं धरला. "तुझ्यासाठी आणलंय. मीच केलंय. बघ."

नुईनं हात पुढं केला, कागद घेतला, चाचपला, कोपरा दोन बोटांत चोळला. मग उलगडल्यासारखा केला, उलटा केला, पुन्हा चाचपला. "कागद छान आहे," ती म्हणाली. "पण आत काहीच नाही की. काय गुंडाळलं होतंस? पडलं वाटतं कुठं."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. नुईचे डोळे उघडे होते, अंगणाकडे लागलेले. एका बाजूनं चिखलातला ओरडा ऐकू येत होता.

"नुई, तुला..."

"हं, दिसत नाही. तुला कोणी सांगितलं नाही का? बरोबर, सांगणार कोण." तिनं कागद नीट, चुणी न पाडता मांडीवर ठेवला. "म्हणजे यावर चित्र आहे होय? कशाचं?"

तेव्हा मी पुढं होऊन फळी उचलली आणि नुईच्या मांडीवर ठेवली. "हे बघा. यावरून छापलंय. हात लावून बघा."

तिनं शेंगांची धूळ कपड्याला पुसली आणि तळवा फळीवर टेकला. पहिल्यांदा नुसताच टेकून ठेवला. मग बोटं हलायला लागली. शेंगा सोलणारी बोटं, त्यांना एक क्षण उशीर लागला नाही.

"हे सपाट काय आहे? हे पाणी. आपलं तळं का?" बोटं उजवीकडे गेली. "हे झाड. वाकलंय. उजवीकडे देऊळ." डावीकडे. "ही मोरी. बाबांचं खोपटं. दारसुद्धा केलंस." मग वर, पलीकडच्या काठावर. तिथं ती थांबली. छपराच्या कडेवरून एक बोट पुन्हा पुन्हा फिरत राहिलं.

"म्हणजे हे या पडवीतून," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "उजवीकडे देऊळ, डावीकडे मोरी, आणि समोर आईचं घर. तू इथं बसून बघितलेलं काढलंस. मला वाटायचं, तू या घरातलं काहीच बरोबर नेलं नाहीस." थोड्या वेळानं, "छप्पर जरा मोठं झालंय. आईचं घर एवढं कुठं होतं? पण लांबून माहेर मोठंच दिसतं."

मी जाऊबाईंकडे बघितलं. गप्प राहिल्या असत्या तर झालं होतं. ज्यासाठी समुद्र ओलांडून आल्या ते आपोआप हातात पडत होतं, आणि इथं दुसऱ्या कोणाला फळीबद्दल काय कळत होतं? मी तर मनात म्हटलं, बाई गं, आता तोंड उघडू नकोस.

"नुई," जाऊबाई म्हणाल्या, "फळी उलटी असते. कागदावर सरळ उमटतं. मी काढलं ते आईच्या ओट्यावरून. देऊळ डावीकडे, मोरी उजवीकडे. ते समोरचं छप्पर आईचं नाही. ह्या घराचं आहे."

नुईचं बोट छपरावरच राहिलं. बांधावरून कोणीतरी मोठा मासा सापडल्याची आरोळी ठोकली. मला जाऊबाईंचा इतका राग आला होता की मी शेंगांच्या ढिगातली एक शेंग उचलून उगीच सोलली.

"म्हणजे तू तिकडून इकडं बघत होतीस," नुई म्हणाली.

"हो."

"आणि ह्या छपराखाली मी."

"हो."

"सारखी बघतेस का?"

"आमच्या घराच्या वर मचाण आहे," जाऊबाई म्हणाल्या. "तिथून तुझं गाव दिसत नाही. डोंगर दिसतात. तेवढंच बघते."

नुईनं फळी मांडीवर नीट सरळ केली, जशी एखाद्याच्या अंगावरची रजई करावी. "पडवीतून आईचं घर दिसायचं म्हणून तू गेलीस, असं आई मला म्हणाली होती. मी तेच बघत इथं राहिले. दिसत होतं म्हणूनच निभावलं. मग दिसेनासं झालं, तोवर घरच उरलं नव्हतं, म्हणून फार वाईट वाटलं नाही." मग एकदम घरगुती आवाजात, "चहा कोण करणार? सून चिखलात आहे. आक्का, किटली उजव्या फळीवर. तुझ्या वेळी होती तिथंच."

जाऊबाईंनी चपला काढल्या आणि त्या घरात चढल्या. मला आतून भांड्यांचा आवाज ऐकू येत होता. किटली त्यांना लगेच सापडली. चहाची पानं सापडायला जरा वेळ लागला.

चहा झाला. जाऊबाईंनी देवघरापुढं उदबत्ती लावली. ती संपेपर्यंत पाटकऱ्याच्या लेकी, दोघीही, उदबत्तीकडे तोंड करून बसल्या होत्या, एक बघत, एक वासावर. ती विझल्यावर नुई म्हणाली, "बस चुकेल तुमची."

जाऊबाई कागद उचलून तिच्या मांडीवर ठेवायला गेल्या. नुईनं तो परत त्यांच्या हातात दिला.

"हा तू ने. मला याचा काय उपयोग? ही मला ठेव." तळवा फळीवर होता.

मी पटकन म्हणाले, "अहो, ती दिली तर यांना पुन्हा छापता येणार नाही. मास्तरांनी संग्रहासाठी सांगितलंय, ओकायामाला जायचंय..."

"फुसा," जाऊबाई म्हणाल्या. मग त्या बहिणीला म्हणाल्या, "उन्हात ठेवू नकोस. तडा जातो."

"इतकं कळतं मला. आणि आक्का, जाताना बांधावरून जा. पोहून नको."

म्हाताऱ्यानं मासे गवतात गुंडाळून ठेवले होते, बारकेही. घरी भावोजींनी मुळा, मिसो आणि शिरका घालून ते स्वतः कालवले. सासूबाईंनी खाल्ले, काटे काढत म्हणाल्या, "हाकललं नाही वाटतं." एवढंच.

इनुई मास्तर मात्र खूप हळहळले. "पुन्हा कोरा," ते म्हणाले, "तेच तळं." जाऊबाईंनी संग्रहासाठी भावोजींच्या पटाशीचं चित्र कोरून दिलं. वाईट नव्हतं. तळं पुन्हा कोरलं नाही. छापलेल्या दोन कागदांपैकी एक त्यांच्या पेटीत आहे आणि एक माझ्या स्वयंपाकघरात, उजेडाच्या बाजूला. येणारे विचारतात, हे कुठलं तळं? आता तिथं शाळा आहे, एवढंच मला सांगता येतं.

पुढच्या शरदात ओकाने म्हातारी आली. टोपलीत मासळीच्या खाली सोयाबीनची पिशवी होती. "ओनिशींच्या नुईनं दिलीय. आणि विचारलंय, फळीला तेल लावू का? म्हणे पाण्याच्या जागी हातानं चकाकी आलीय, बोट घसरतं."

"नको म्हणावं," जाऊबाई घाईघाईनं म्हणाल्या. "तेल नको. हाताचं पुरे. आणखी काय म्हणाली?"

"आणखी काय म्हणणार?"

"काहीतरी म्हणाली असेल. आठव ना."

"अगं बाई, माझी बोट सुटतेय," असं म्हणत म्हातारीनं टोपली उचलली. जाऊबाई तिच्यामागून गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या. मग परत आल्या, कपड्यांची टोपली घेतली आणि वर गेल्या. कपडे सकाळीच वाळत घालून झाले होते. सासूबाई जिन्याशी आल्या, वर बघितलं, आणि त्या दिवशी ओरडल्या नाहीत.